कोरडा नवस

माझ्या नणंदेने वीस वर्षं लोकांचं मूत गोळा केलं. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. ताइपेईच्या मेडिकल कॉलेजात तिच्या खोलीच्या दारावर पाटी होती, पाटीवर जीवरसायनशास्त्र असा भलामोठा शब्द होता, आणि आमच्या मिठागरांच्या गावात तिला सगळे मूत-डॉक्टरीण म्हणत. मागून नाही, तोंडावर. तीही ‘ओ’ देई आणि बाटली पुढे करी.

तिचं नाव बोंग-छी. मुलगी नको होती, पण झालीच आहे तर पोसू, अशा अर्थाचं हे नाव. आमच्या किनाऱ्यावर तिच्या वयाच्या बायकांत डोळे मिटून खडा टाकला तरी तो एखाद्या बोंग-छीलाच लागायचा. शहरात गेलेल्या बहुतेक जणींनी कचेरीत जाऊन चांगलंसं नाव करून घेतलं. आमच्या ताईने नाही. जपानला दोन वर्षं शिकायला गेली तेव्हाही कागदावर हेच. मी एकदा विचारलं, तर म्हणाली की नाव बदलायला अर्धा दिवस रांगेत उभं राहावं लागतं, तेवढा वेळ कुणाला आहे.

लग्न केलं नाही. स्वयंपाक येत नव्हता. थंडीत एकच राखाडी स्वेटर, उजव्या हाताच्या दोन बोटांवर आम्लाचे पांढरे डाग. घरी आली की आधी आईजवळ बसायची, मग माझ्याकडे वळून विचारायची, बाटल्या भरल्यास का. या घरात लग्न करून आले तेव्हा मी नणंदेच्या बाबतीत बरीच तयारी ठेवली होती. टोमणे, कुरबुरी, लेकीचा तोरा, सगळं धरलं होतं. सकाळचं पहिलं मूत मागेल, असं मात्र मला माहेरी कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे पाय काळे पडायचे. आधी एक बोट गार लागायचं, उन्हातसुद्धा. मग रात्रंदिवस ठणका. मग बोट कोळशासारखं व्हायचं आणि एक दिवस आपसूक गळून पडायचं, नाहीतर मिशनच्या दवाखान्यात कापावं लागायचं. बोट, मग घोटा, मग गुडघा. कुणी म्हणायचं पूर्वजांच्या थडग्याची दिशा चुकली, कुणी म्हणायचं मागच्या जन्मीचं पाप. डॉक्टर लोक म्हणायचे पाणी. आमच्याकडे वरच्या विहिरी खाऱ्या, म्हणून जपान्यांच्या काळात खूप खोल नळ्या घालून खालचं पाणी काढलं होतं. काचेसारखं स्वच्छ पाणी. त्या पाण्याचा आम्हांला केवढा अभिमान होता. त्यातच विष निघालं.

पण पाणी म्हणून भागत नव्हतं, कारण पाणी सगळा गाव प्यायला होता. आणि पाय गेले ते काहींचेच. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गेले. देवळाची पूजाअर्चा बघणारे चिम-आ काका सकाळपासून संध्याकाळपर्यंत देवळाच्या विहिरीच्या पाण्याचा चहा पीत बसायचे, त्यांच्या नखालाही काही झालं नाही.

सासूबाईंचा सारा प्रश्न एवढाच होता. दोन हातांत दोन छोटे पाट धरून, त्यांवर जोर देत त्या घरभर सरकत, दिवसभर लव्हाळ्याच्या चटया विणत, आणि लेक आली की एकदा तरी विचारत, ‘सगळे एकच पाणी प्याले. मग मीच का? एवढं मला मरायच्या आधी सांग.’

आणि ताई दर वेळी म्हणायची, ‘सांगेन आई. शोधतेय.’

त्यासाठी ते मूत. विष शरीरात शिरलं की शरीर त्याचं काय करतं, ते बाहेर येणाऱ्या पाण्यात दिसतं, असं तिचं म्हणणं होतं. तिने तीन गावांतल्या दोनशे घरांत बाटल्या वाटल्या आणि घरटी एक फॉर्म भरला, पाणी कुठलं, खाणं काय. लोकांनी काय काय केलं ते सांगू नये. कुणी चहा भरून दिला. कुणी रेड्याचं दिलं आणि आठवडाभर हसत बसलं. ल्याऊ काकांनी तर कमाल केली. घरातल्यांना उठवायचा कंटाळा म्हणून पाचही बाटल्या स्वतःच भरल्या. ताइपेईत यंत्रावर पाच माणसांचा आकडा दशांशापर्यंत एकच आला. ताईला कुणी म्हणालं, चार खोडून टाका, एक ठेवा. तिने त्या वर्षीचं आमच्या गावाचं सगळं काम फेकून दिलं आणि पुढच्या वर्षी नव्याने सुरू केलं. म्हणाली, एका घरात असं झालं तर आणखी कुठे झालं असेल ते मला काय माहीत. माझ्या मनात आलं, ही बाई वेडी आहे.

आता नवसाचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं.

ताई चौदा वर्षांची असताना मामंजींच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं. मिठागरात काम करणाऱ्याचा पाय म्हणजे घराचा पाय. सासूबाई देवळात गेल्या. आमच्या देवळात साथीच्या रोगांचे राजे बसलेले आहेत, गावाचं बरंवाईट त्यांच्या हातात. सासूबाईंनी राजांसमोर कोरडा नवस बोलला. साधा शाकाहाराचा नवस वेगळा. त्यात टोफू चालतो, पालेभाजी चालते, तेलातलं काही चालतं. कोरडा नवस म्हणजे रताळ्याचा वाळवलेला कीस घालून केलेली पेज, खारवलेला मुळा आणि मीठ. बस. जन्मभर. राजांनी कौल दिला. लाकडाच्या दोन फोडी टाकल्या, एक उलटी, एक सुलटी, तीनदा सलग. मामंजींचं एक बोट गेलं आणि पाय राहिला. तो पाय पुढे पंचवीस वर्षं मिठागरात चालला, आणि ते गेले ते छातीच्या दुखण्याने, दोन्ही पायांनिशी.

सासूबाईंचा उजवा पाय नवसाच्या दहाव्या वर्षी गेला. त्यांनी तो देवाला दिला असं धरलं. नवऱ्याचा राहिला, माझा घेतला, व्यवहार झाला. डावा काळा पडायला लागला तेव्हा मात्र त्यांचं देवाशी वाकडं आलं. एकाच्या बदल्यात एक ठरला होता, दुसरा कशाचा, असं त्या म्हणत. मीच का, हे तेव्हापासूनचं.

त्यांचा दुसरा पाय गेल्यावर त्यांच्या जिवासाठी नवस मी बोलले. मी म्हणजे त्यांची सून, थाओ. फार प्रेमापोटी बोलले असं सांगितलं तर खोटं होईल. त्या दवाखान्यात ओरडत होत्या, शेजारच्या खेंग काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या की त्यांच्या सुनेने सासऱ्यासाठी केव्हाच नवस बोलला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मीही बोलणार आहे. झालं. राजांनी कौल दिला, सासूबाई जगल्या, आणि माझी पेज सुरू झाली. कोरड्या नवसाची कढई वेगळी, वाटी वेगळी, आणि पाणी देवळाच्या विहिरीचंच, ज्या पाण्यावर हात ठेवून नवस बोलला ते. घरात नळ आला त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. घरची बाकीची माणसं नळाचं पाणी पीत. आम्ही दोघी देवळाचं. स्वयंपाकघरात, सगळ्यांचं झाल्यावर, सासूबाई पाटावर आणि मी चुलीशी, जेवून घ्यायचो. जेवायला पाच मिनिटंही लागायची नाहीत.

नवव्या वर्षी माझ्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं गार लागू लागली.

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. मोजे घातले. बारा महिने मोजे घालणारी बाई आमच्या गावात म्हणजे एक तर शहरातून आलेली, नाहीतर काहीतरी लपवणारी, आणि मी शहरातून आलेली नव्हते. ठणका सुरू झाला तेव्हा मी पिठाच्या डब्यात तोंड घालून रडायचे, म्हणजे आवाज जायचा नाही. मला सासूबाईंचे दोन पाट दिसायचे. तिसरा आणि चौथा पाट या घरात कुठे ठेवायचा, असले विचार यायचे.

त्याच शरद ऋतूत ताई न कळवता आली. आईजवळ बसली नाही, सरळ स्वयंपाकघरात आली आणि एक कागद माझ्यासमोर धरला. मला तेवढं वाचता येत नाही, तिलाही ते माहीत होतं, पण रागात होती. म्हणाली की आपल्या घराचा फॉर्म तिने स्वतः भरला आहे, पाणी नळाचं, मासे रोज. आणि या वर्षी पहिल्यांदा फॉर्म आणि बाटल्या ताडून पाहिल्या, तर दोन बाटल्या अशा निघाल्या आहेत की ज्यांत विहिरीतलं विष भरलेलं आहे. तिने यंत्र दोनदा तपासलं. मग तिला संशय आला.

‘बाटल्या कुणाच्या घरून भरून आणल्यास, थाओ? ल्याऊ काकांच्या?’

आठ वर्षांची रताळी माझ्या घशाशी आली. मी म्हटलं, ‘ताई, फॉर्म तुम्ही भरलात ना? मग खोटं तुम्ही लिहिलंय. या घरात कढया दोन आहेत.’

तिला कळलं नाही. मी तिला हाताला धरून चुलीच्या मागच्या बाजूला नेलं आणि नवसाच्या कढईचं झाकण काढून दाखवलं. खाली देवळाच्या पाण्याचा हंडा दाखवला. ती वाकून त्या पेजेकडे बघत राहिली.

‘मी या घरात जन्मले आहे,’ ती म्हणाली.

‘हो. पण जेवायला पुढच्या खोलीत बसायचात. बाबांच्या शेजारी.’

खरंच होतं ते. हुशार म्हणून मामंजी तिला शेजारी बसवायचे आणि माशाच्या गालाचं मांस तिच्या वाटीत टाकायचे. ताटात मासा रोज होता, म्हणून तिने लिहिलं मासे रोज. नवस तिला माहीत होता, नाही असं नाही. पण नवस ही देवळातली गोष्ट होती, फॉर्मवरची नव्हती. दोनशे घरांत तिने हाच प्रश्न विचारला होता, तुमच्या घरी काय खातात, आणि दोनशे घरांत पुढच्या खोलीतल्या पुरुषाने उत्तर दिलं होतं.

मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मोजा काढ म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने खाली बसून स्वतःच्या हाताने काढला. पावलावर दोन बोटं ठेवून ती नाडी शोधत राहिली. मला तिच्या बोटांची ऊब वरच्या भागात लागत होती, खाली लागत नव्हती. उठली आणि म्हणाली, आजपासून देवळाचं पाणी बंद, आणि अंडी, मासे, कालवं, हिरवी भाजी, मिळेल ते खायचं. उद्यापासून नाही, आजपासून.

मी म्हटलं, मला चालेल, पण नवस आईंच्या जिवावर आहे. मी खाल्लं आणि उद्या आईंना काही झालं तर सगळा गाव म्हणेल सुनेने सासू खाल्ली. गाव राहू दे, मीच म्हणेन. नवस सोडवायचा तर ज्याच्यासाठी बोलला त्याने देवळात जाऊन कौल घ्यावा लागतो. आईंना जावं लागेल. आणि त्यांना का जायचं ते सांगावं लागेल.

ताई दाराकडे वळली. मला वाटलं आता आत जाऊन सांगेल. ती म्हणाली, ‘अंदाजावर आईला हे सांगणार नाही. आधी मला बघू दे.’

आणि ती दोन महिने बघत बसली. हे मी तिला आजही माफ केलेलं नाही. तीन गावांतल्या प्रत्येक घरी ती पुन्हा गेली, या वेळी मागच्या दाराने, आणि प्रत्येक बाईला विचारलं, तुमची कढई कुठली. कोरड्या नवसाच्या एकोणीस बायका निघाल्या. त्यांतल्या चौदांचे पाय गेलेले होते. ती दर आठवड्याला येऊन माझं पाऊल दाबून बघे आणि बाटल्या घेऊन ताइपेईची गाडी धरी. माझी बोटं आधी जांभळी झाली आणि मग काळी. नळाचं पाणी मी लपून प्यायला लागले होते, तेवढं केलं. अंड्याला हात लावायचं धाडस झालं नाही.

दोन महिन्यांनी तिने मला समजावलं, चुलीशी बसून, मिठागराच्या भाषेत, कारण मला दुसरी येत नाही. समुद्राचं पाणी आपण आधी मोठ्या वाफ्यात घेतो, ती म्हणाली, मग मधल्या वाफ्यात सोडतो, मग शेवटच्या, तेव्हा कुठे मीठ धरतं. शरीरही विषाला तसंच दोन वाफे पुढे ढकलतं. शेवटच्या वाफ्यातलं विष निमूट बाहेर जातं. मधल्या वाफ्यातलं मात्र सगळ्यांत वाईट, ते रक्ताच्या नळ्या आतून जाळतं. आणि मधला बांध उघडायला जे लागतं ते अन्नातून येतं, माशातून, अंड्यातून, पाल्यातून. चिम-आ काका दिवसभर विष पितात आणि रोज कालवं खातात; त्यांचा बांध उघडा. कोरड्या नवसाच्या बायकांच्या बाटल्यांत सगळं मधल्या वाफ्यातलं भरलेलं होतं.

मी विचारलं, एवढंच?

‘एवढंच,’ ती म्हणाली आणि उठून आईकडे गेली.

सासूबाई चटई विणत होत्या. ताई समोर जमिनीवर बसली. मी दारात उभी होते, एका पायावर भार देऊन. ताईने सगळं सांगितलं, वाफ्यांसकट. आवाज चढवला नाही, कुठे थांबली नाही. सासूबाईंनी विणणं थांबवलं नव्हतं. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘म्हणजे तुझ्या बाबांचा पाय माझ्या नवसाने नाही राहिला.’

‘माशांनी राहिला, आई. तुझ्या वाटणीचे मासेही बाबाच खात होते.’

‘आणि माझे नवसाने गेले.’

‘पाण्याने गेले. नवसाने अडवलं नाही.’

‘सरळ बोल. तू डॉक्टरीण आहेस ना?’

‘हो,’ ताई म्हणाली. ‘नवसाने गेले.’

सासूबाईंनी चटईचा सुटलेला धागा दातांनी तोडला. ‘हे सांगायला तू वीस वर्षं शिकलीस?’

त्यानंतर तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. ताई रजा काढून घरी राहिली, आणि त्या तिच्याकडे पाठ करून विणत बसल्या. जेवणाची वाटी मी पुढे केली की खायच्या, तीच पेज. मला त्यांचा इतका राग आला की एकदा वाटी जोरात आपटून ठेवली. माझं पाऊल जळत होतं आणि त्या रुसून बसल्या होत्या. नंतर कळलं की तो रुसवा नव्हता. तीस वर्षं जिच्या आधाराने बसायचं ती भिंत काढून घेतली तर माणूस लगेच कसा बोलेल.

चौथ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, ‘थाओ, मोजा काढ.’ मी काढला. त्यांनी काळ्या बोटांकडे पाहिलं, मग म्हणाल्या, ‘गाडा काढा. देवळात जायचंय.’

मिठाच्या गाड्यावर बसवून आम्ही दोघींनी त्यांना देवळात नेलं. मी लंगडत होते, ताई ढकलत होती, आणि वाटेत सगळा गाव बघत होता. चिम-आ काकांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. त्यांना माणसं आवाजावरून कळायची. त्यांनी उदबत्त्या लावल्या, माझं नाव, सासूबाईंचं नाव, नवस कधी बोलला ते राजांना मोठ्याने सांगितलं, आणि कौलाच्या दोन फोडी सासूबाईंच्या हातात दिल्या. सासूबाई फरशीवर बसून पुटपुटल्या की सुनेला माझ्या नवसातून मोकळं करा, आणि फोडी टाकल्या.

दोन्ही सुलट्या पडल्या. म्हणजे राजे हसले, होही नाही आणि नाहीही नाही. चिम-आ काकांनी काय पडलं विचारलं, ताईने सांगितलं. पुन्हा टाका, ते म्हणाले. दुसऱ्यांदा दोन्ही उलट्या. नाही. मला त्या क्षणी राजांचा खरंच धाक वाटला, कबूल करते, आणि वाटलं, नको, राहू दे, मी दोन पाट घेईन.

तिसऱ्यांदा सासूबाईंनी फोडी टाकल्याच नाहीत. हात खाली नेला, फोडी फरशीवर खडखड वाजवल्या, आणि एक उलटी, एक सुलटी, अशा नीट ठेवल्या. ज्या बाईने तीस वर्षं त्या देवाच्या शब्दाबाहेर मिठाचा खडासुद्धा तोंडात घातला नव्हता, तिने त्याच्यासमोर, त्याच्या तोंडावर, कौल हाताने लावला.

‘पडला,’ त्या म्हणाल्या.

चिम-आ काका थबकले. डोळे गेले असले तरी त्या देवळात त्यांनी चाळीस वर्षं फोडी पडताना ऐकल्या होत्या. त्यांनी मान वळवली. ‘बोंग-छी, तू पाहिलंस?’

मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

‘पाहिलं काका,’ ती म्हणाली. ‘एक उलटी, एक सुलटी.’

आणखी दोनदा सासूबाईंनी फोडी वाजवून ठेवल्या आणि दोनदा ताईने तेच सांगितलं. काकांनी राजांना नमस्कार केला आणि माझा नवस सुटल्याचं सांगितलं. येताना गाड्यावर सासूबाईंनी एका हाताने दुसरा दाबून धरला होता.

पुढे दवाखान्यात माझी दोन बोटं गेली. पाऊल राहिलं. ताईचा निबंध छापून आला, इतर डॉक्टरांनी बरीच वर्षं त्यावर वाद घातला, आणि सरकारने देवळाची विहीर सिमेंट ओतून बुजवली. पाय अजून न गेलेल्या पाच नवसकरणींपैकी, माझ्यासकट, तिघींचे नवस कौल घेऊन सुटले; दोघींनी मूत-डॉक्टरणीला दारातूनच घालवलं. तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. यकृतात गाठ निघाली होती, तीही त्याच पाण्याची, असं ताई म्हणाली. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

देवळातून आल्यावर ताईने खेंग काकूंकडून दोन अंडी आणली. तिला अंडं उकडतासुद्धा येत नाही, पाणी उतू गेलं, तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. एक तिने सोलून माझ्या वाटीत ठेवलं. मला वाटलं होतं मी त्याच्यावर तुटून पडेन. आठ वर्षं मी स्वप्नात अंडी खाल्ली होती. पण आता घास तोंडात घेववेना. सासूबाई सरकत माझ्याजवळ आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी पहिला घास गिळला, तेव्हा त्यांनी मान हलवली, आणखी म्हणून.

ताईने दुसरं अंडं सोललं आणि आईसमोर धरलं. ‘आई,’ ती म्हणाली, ‘आता तूही. थाओसाठी कौल लागला तसा तुझाही लागला म्हण. एक घास.’

सासूबाईंनी त्या अंड्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या मांड्यांकडे, जिथे त्या संपत होत्या तिथे.

‘मी आज खाल्लं,’ त्या म्हणाल्या, ‘तर हे कशासाठी गेले म्हणायचं?’

ताई तशीच हात पुढे करून बसली. शेवटी सासूबाईंनीच तिच्या हातातून ते अंडं घेतलं. या घरात आल्यापासून त्यांनी अंड्याला हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी ते माझ्या वाटीत ठेवलं आणि स्वतःची पेज पुढे ओढली.

मी दोन्ही अंडी खाल्ली.